खालच्या अंगाला दोनच रन

आमच्या क्रिकेटचा पहिला नियम असा की, खालच्या अंगाला बॉल कितीही लांब गेला तरी दोनच रन. वरच्या अंगाला कुंपणाला लागला तर चार. घरामागची जागा मेहरूण तलावाच्या दिशेनं उतरत गेलेली. खाली नुसती बॅट लागली तरी बॉल थेट नाल्यात. मारणाऱ्यानंच तो आणायचा. त्यामुळे भलेभले तिकडे फटका टाळत. डावखुऱ्याचा लेगचा फटका नेमका चढाकडे जायचा, म्हणून त्याला आपल्याकडे ओढायला मारामारी.

जळगावची काळी माती उन्हाळ्यात एवढी भेगाळते की बॉल तिच्यात अडकून बसायचा. मग मे महिन्याच्या सुट्टीत 'पीच' करायचा कार्यक्रम. शेतात खळं करतात तसाच. भेगांत मुरूम भरायचा, पाणी मारायचं, वर भुसा पसरायचा आणि बैलांच्या जागी आम्ही चुलत-मावस भावंडांनी तो तुडवायचा. शेवटी शेणाचा सडा. सकाळी सात ते नऊ खेळ, नंतर ऊन हाकलून द्यायचं. जून संपेपर्यंत पावसानं ते सगळं धुऊन नाल्यात नेलेलं असे. मग क्रिकेट बंद, लोखंडी सळई ओल्या मातीत रोवत जाण्याचा खेळ सुरू. जमीन सांगेल तो खेळ, असा मामला.

धुळ्याला मामाकडे अडचण निराळी. कॅप्टन ब्रिग्जनं 1819 च्या सुमारास आखलेलं ते गाव, सरळ रेषेतल्या गल्ल्या, त्यांना नुसते नंबर. सपाटी भरपूर, पण रुंदी नाही. तिथं समोरच्या ओट्यावर बॉल गेला की आउट. म्हणून पोरं उन्हाळ्यात पांझरेच्या कोरड्या पात्रात उतरत. गरुड मैदान मोठ्यांचं. आम्ही तिथं फक्त बॉल अडवायला.

आता त्याच मामांच्या मुलानं देवपूरच्या पुढे, नदीकडे उतरणाऱ्या प्लॉटवर बंगला बांधलाय आणि मागच्या परसात टर्फ टाकलंय. बॅडमिंटनच्या मापाचं, 44 फूट बाय 20 फूट. ऐकायला सोपं वाटतं. पण दहा फुटाला फूटभर उतार असेल, तर 44 फुटांत जवळजवळ साडेचार फुटांचा फरक पडतो. वरची बाजू कापायची, तीच माती खालच्या बाजूला भरायची, असा पहिला बेत होता. म्हातारे मिस्तरी आले, त्यांनी मातीचा गोळा हातात चुरला आणि एवढंच विचारलं, "पानी कथा जाई?" म्हणजे, पाणी कुठं जाईल?

सगळा खर्च त्या एका प्रश्नात होता. काळी माती पाण्यानं फुगते, सुकली की आकसते. ती भरावात घातली तर दुसऱ्या पावसाळ्यात मैदानाला पोट येतं. म्हणून ती उचलून टाकली. खालच्या अंगाला दगडी भिंत, तिच्यात पाणी निघायला पाइपांची भोकं. वरच्या अंगाला गटार, म्हणजे शेजाऱ्याच्या परसातलं पाणी परस्पर बाजूला जाईल. मग मुरूम थराथरानं, प्रत्येक थराला पाणी आणि रोलर. त्यावर खडी, त्यावर कच. एवढं करून सपाटी केली, तीही पुरती सपाट नाही. शंभर फुटाला फूटभर ढाळ मुद्दाम ठेवला. शेवटी चार मीटर रुंदीचे हिरवे रोल आले, सांध्याखाली पट्टी लावून चिकटवले गेले, त्यांच्या पात्यांत झाडूनं बारीक वाळू घोळवली. हे दोन दिवसांचं काम. सगळे फोटो याच दोन दिवसांचे.

याच पांझरेवर फड बागायतीत शेकडो वर्षं बंधाऱ्यातलं पाणी निव्वळ उताराच्या जोरावर शेतोशेत फिरवलं गेलं. मिस्तरींचा प्रश्न तिथलाच असणार, असं मला उगीच वाटतं.

टर्फचं हे कृत्रिम गवत पहिल्यांदा गाजलं ते 1966 साली, ह्यूस्टनच्या छताखालच्या स्टेडियममध्ये. आपल्याकडे त्याची ओळख झाली ती दुखऱ्या जागेवर. 1975 ला क्वालालंपूरला नैसर्गिक गवतावर वर्ल्डकप जिंकलेला आपला हॉकी संघ 1976 ला मॉन्ट्रियलच्या कृत्रिम गवतावर सातवा आला. मामा त्या गवताचं नाव काढलं तरी चिडत. आता त्यांचीच नातवंडं त्यावर रात्री दहापर्यंत खेळतात. रात्रीच, कारण मे महिन्यात पारा 44-45 वर असताना हे गवत साठ अंशांच्या पुढे तापतं. अनवाणी पाय ठेवून बघावा. शेणाचा सडा तापत नव्हता असं नाही, पण त्यावर पाणी शिंपडलं की वासासकट गार व्हायचा. टर्फवर पाणी मारलं तर थोड्या वेळात पुन्हा तेच.

तरी जुनंच बरं होतं, असं मी म्हणणार नाही. आमच्या त्या उतारावर एकही बहीण खेळलेली मला आठवत नाही. त्या ओट्यावर सागरगोटे खेळायच्या, नाहीतर पाणी आणून द्यायच्या. इथं पुतणी रोज बॅडमिंटन खेळते, भावाला हरवते आणि वर चिडवते. गुडघेही शाबूत आहेत तिचे.

अडलं ते डिसेंबरात, भरताच्या पार्टीला. पऱ्हाट्यांचा जाळ केला, वांगी टाकली, वारा सुटला आणि ठिणग्या थेट हिरवळीवर. माती असती तर काही झालं नसतं. इथं प्लास्टिकची पाती जागच्या जागी वितळून काळी, टणक भोकं पडली. तेवढा तुकडा कापून नवा चिकटवला, तो अजून रंगानं वेगळा दिसतो. तेव्हापासून वहिनींचा हुकूम आहे: बॅडमिंटन वर, भरीत भिंतीखाली. भिंतीखालची ती पट्टी तशीच उतरती राहिली आहे, त्यामुळे पातेल्याखाली वीट लावावी लागते, आणि कळण्याच्या भाकरी वरून खाली पोचवायचं काम सामना हरणाऱ्याकडे असतं.