शेऱ्याचा रकाना

संख्याशास्त्राच्या तासाला ‘क्वालिटेटिव्ह डेटा’ दहा मिनिटांत उरकला. रक्तगट, रंग, मातृभाषा अशी उदाहरणं लिहून घेतली आणि वर्ग नॉर्मल डिस्ट्रिब्यूशनकडे वळला. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे त्याला मराठीत ‘गुणात्मक’ म्हणतात हे मला रूममेटने सांगितलं.

पण मंडळी, खरी गंमत तिथेच आहे. आकडा दिसला म्हणजे ती संख्याच, असं थोडंच आहे? पुण्यात डेक्कनचा पिनकोड ४११००४, मुंबई जीपीओचा ४००००१. सरासरी ४०५५०२.५. टाका पत्र! एस. एस. स्टीव्हन्स या मानसशास्त्रज्ञाने १९४६ सालीच मोजमापाचे चार प्रकार मांडले. नॉमिनलमध्ये नुसतं नाव, ऑर्डिनलमध्ये क्रम. इंटरव्हल आणि रेशो हे खरे आकडेवाले. कॉम्प्युटरला मात्र हे आपणच सांगावं लागतं. मराठी १, हिंदी २, कन्नड ३ असं भरलं, तर मॉडेल हिंदीला बिनधास्त दोघींच्या मधोमध बसवू शकतं. म्हणून वन-हॉट एन्कोडिंग: प्रत्येक भाषेला वेगळा रकाना, असेल तर १, नसेल तर ०.

आता आमच्या मेसचं बघा. फीडबॅक फॉर्मवर वाईट १, ठीक २, चांगलं ३, उत्तम ४. सरासरी तीनच्या जवळ आली आणि विषय संपला. ‘वाईट’ ते ‘ठीक’ आणि ‘चांगलं’ ते ‘उत्तम’ हे अंतर सारखंच, हे कुणी ठरवलं? शिवाय खालचा ‘शेरा’ एक्सेलमध्ये कुणी टाइपच केला नव्हता.

रेक्टर मॅडमकडून फॉर्म मागून आणले. दोन रात्री आम्ही दोघींनी ते वेगवेगळे वाचले, प्रत्येक शेऱ्याला चव, पाणी, वेळ असा विषय दिला, मग ताडून पाहिलं. यालाही कोडिंगच म्हणतात, सी++ शी संबंध नाही! मग ब्रँचनुसार तक्ता मांडला. ‘वाईट’वाल्या बहुतेक जणी एकाच ब्रँचच्या, ज्यांचं प्रॅक्टिकल उशिरा सुटतं. त्यांचा शेरा एकच: पोळ्या संपलेल्या असतात. लवकर जेवणाऱ्यांच्या ‘उत्तम’खाली त्यांची भूक झाकली गेली होती.

तक्ता मॅडमना दिला. आता त्यांच्यासाठी पोळ्या बाजूला काढून ठेवतात. एका फॉर्मवर मात्र आमचं अजून जमलेलं नाही. त्यावर ‘उत्तम’ला खूण आहे आणि खाली लिहिलंय, ‘आईची आठवण येते.’ मी म्हणते चव. रूममेट म्हणते, “अगं, हा शेरा जेवणाबद्दल नाहीच.”