छापाने लावायच्या की मापाने?

डालडाचा डबा रिकामा झाला की त्यावर पहिला हक्क कोणाचा, यावरून आमच्या पिढीत पाचोडच्या जवळजवळ प्रत्येक माळवदाखाली भांडण झालेलं आहे. आज्जीला तो डाळीला हवा, आईला राखेला हवा आणि आम्हा लेकरांना काडेपेट्यांना. बहुतेक वेळा आज्जीच जिंकायची. मग आमच्या काडेपेट्या भिंतीतल्या देवळीत, बाजेखाली, नाहीतर फाटक्या दप्तरात राहायच्या. पण राहायच्या नक्की. विकत आणलेलं खेळणं ज्या घरात नव्हतं, त्या घरातसुद्धा काडेपेट्यांचा साठा होता.

घरातली पेटी पुरवून पुरवून वापरली जायची. चुलीत इंगळ असेल तर काडी ओढायची नाही, शेजारून गोवरीवर विस्तव आणायचा, कंदील पेटवला की त्याच काडीवर उदबत्ती. त्यामुळे घरची पेटी लवकर रिकामी होत नसे. झालीच तर तिच्यावर आमच्याआधी दहा जण टपलेले. सुया तिच्यात, तुटलेल्या पोतीचे मणी तिच्यात, लेकराचा पडलेला दात तिच्यात, आबांचा दाढीच्या पात्याचा अर्धा तुकडा तिच्यात. म्हणून आम्हाला बाहेर हिंडावं लागायचं. धुळे-सोलापूर रस्ता गावाला लागूनच. त्या रस्त्यावरची चहाची हॉटेलं म्हणजे आमची खाण. आणि आठवडी बाजार उठल्यावर तर पालं निघालेल्या जागी, बैलांच्या शेणाजवळ, मोसंबीच्या सालींत, जिथं बिडी ओढणारा माणूस टेकला असेल तिथं तिथं आम्ही वाकून फिरायचो.

जहाजाची पेटी सगळीकडे मिळायची, म्हणून तिला भाव नव्हता. ती विम्कोची. १९२३ साली स्थापन झालेल्या या कंपनीचा कारखाना आपल्या अंबरनाथला होता, हे फार पुढे कळलं. भाव असायचा तो दक्षिणेकडून आलेल्या ट्रकवाल्याने फेकलेल्या पेटीला. तिच्यावर कधी मोर, कधी वाघ, कधी कमळ, कधी न वाचता येणारी गोल गोल अक्षरं. तमिळनाडूतल्या शिवकाशीचे अय्या नाडार आणि षण्मुग नाडार हे चुलतभाऊ १९२२ साली कलकत्त्याला जाऊन काडेपेटीचा धंदा शिकून आले आणि त्या दुष्काळी मुलखात घरोघर हाताने पेट्या बनू लागल्या. लहान लहान कारखाने, ज्याचा त्याचा छाप. आमच्या पारावरच्या श्रीमंतीचं मूळ तिथं होतं. एका मोराला जहाजं किती, यावर मारुतीच्या पारावर दुपारभर घासाघीस चालायची आणि ठरलेला भाव दुसऱ्या दिवशी कोणी मानायचा नाही.

खरा वाद मात्र वेगळाच होता: पेट्या छापाने लावायच्या की मापाने? छापवाले पेटी चिरून वरचं चित्र काढून घ्यायचे, पाण्यात भिजवून, वहीच्या पानांत दाबून ठेवायचे. मापवाल्यांना हा अधर्म वाटायचा. त्यांना पेटी अख्खी हवी. जुनी लाकडी पातीची, कडेला निळा कागद चिकटवलेली पेटी मजबूत. पुठ्ठ्याची आली ती हलकी, पण दबायची. दोन्ही एका भिंतीत बसवल्या की भिंत वाकडी. म्हणून मापवाले आधी पेट्या निवडायचे: लाकडी एकीकडे, पुठ्ठ्याच्या एकीकडे, दबलेल्या तिसरीकडे. मग कणकेची खळ नाहीतर बाभळीचा डिंक लावून चढवायचे. त्यांचं खणांचं कपाट व्हायचं आणि प्रत्येक खण खरोखर सरकायचा. त्यांची एसटी व्हायची. त्यांची आगगाडीसुद्धा व्हायची, आणि पाचोडला तर रूळ नाहीत. मी मापवाल्यांचा. आजही माझं मत तेच आहे: छाप वहीत दिसतो छान, पण त्याचं काही होत नाही.

या दोघांनाही न जुमानणारा तिसरा पक्ष होता ज्वारीच्या धांड्यांचा. खळं झालं, कडब्याची गंज लागली, की त्यांचं राज्य. दोन पेरांमधली कांडी विळ्याने कापायची. वरची साल दातांनी सोलून तिच्या बारीक, टोकदार काड्या करायच्या. आतला पांढरा भेंड निघाला की तो नखानेही कापतो. भेंडात सालीची काडी खोचली की सांधा बसला, ना डिंक ना खिळा, उपसली की पुन्हा मोकळा. साल वाकवून दोन्ही टोकं भेंडात रोवली की चाक. दोन चाकं, जू, साटी, आणि पुढे पोळ्याला केलेले मातीचे बैल. हे लोक धांडेही पारखून घ्यायचे. हायब्रीड ज्वारी ठेंगणी, तिच्या कांड्या आखूड, तिची गाडी बुटकी. मालदांडी उंच, कांडी लांब. “हायब्रीडची गाडी व्हय ती? तिला बैल नको, कोंबडी जुंप,” असं भर पारावर ऐकवलं जायचं.

पुढे अरविंद गुप्तांचं काम कळलं तेव्हा आमच्यातले पुष्कळ जण चकित झाले. आयआयटी कानपूरला शिकलेला हा माणूस १९७८ साली पुण्याच्या टेल्कोतून रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कार्यक्रमात गेला आणि तिथल्या बाजारात त्याला सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि काडेपेटीतली काडी यांची जोडी सापडली. नळीचा तुकडा सांधा, काडी दांडी, आणि त्यातून त्रिकोण, चौकोन, घनाकृती. त्यावर पुस्तक निघालं, पुढे पुण्याच्या आयुकात मुलांसाठी विज्ञानाची खेळणी बनत राहिली, २०१८ साली पद्मश्री मिळाली. आमच्या धांडेवाल्यांनी हीच गोष्ट भेंड आणि सालीवर केली होती. फरक एवढाच, की त्यांच्याकडे कोणी मोठ्या माणसाने कौतुकाने पाहिलं नव्हतं.

आता नातवंडांकडे लेगोचे संच आहेत आणि मला त्यांचा राग येत नाही. डेन्मार्कमधल्या बिलुंड नावाच्या लहानशा गावातल्या एका सुताराने, ओले कर्क ख्रिस्टियनसेनने, १९३२ साली लाकडी खेळणी करायला घेतली, तिथून हे सगळं निघालं. १९५८ साली पेटंट घेतलेल्या विटेवर आजची वीट घट्ट बसते. आठ टोकांच्या सहा सारख्या विटा ९१ कोटी ५१ लाखांहून अधिक तऱ्हांनी जुळवता येतात. आणि सुट्टीत संभाजीनगरहून आलेली पोरं त्या विटा ओसरीवर ओतून भांडतात ते कशावरून, तर रंगाने लावायच्या की आकाराने! रंगवाले आणि आकारवाले. पारावरचे आमचे सगळे मला त्यांच्यात दिसतात.

काडेपेटी मात्र लेकरांच्या हातून गेली. २००७ साली ती पन्नास पैशांवरून एक रुपयाला झाली, १ डिसेंबर २०२१ पासून दोन रुपयांना. पण गॅसला लायटर आला, उजेडाला बटण आलं, आणि देवघरापुरती एक पेटी घरात पुरते. ज्वारीही आटली. जिकडे पाहावं तिकडे कापूस, मोसंबी, ऊस. कडबा विकत आणावा लागतो, आणि आणलेल्या कडब्यातला धांडा लेकराला खेळायला द्यायला जीव धजत नाही.

तरीही एक मागणं आहे. ज्यांच्या घरी पोरं मोठी होऊन विटांचे, ठोकळ्यांचे डबे माळ्यावर पडले असतील, त्यांनी ते गावच्या अंगणवाडीत देऊन टाकावेत. चार ठोकळे कमी असले तरी चालतील. आणि ज्यांना अजून भेंडाची बैलगाडी करता येते, त्यांनी यंदा ज्वारी काढणीला आली की कोणाच्या तरी वावरातून मालदांडीचे पाच-सहा धांडे मागून आणावेत आणि लेकरांना शेजारी बसवून एक गाडी पुरी करावी. सालीने बोट कापतं, तेवढं आधी सांगून ठेवा.