काचेच्या हौदातील अळंबी

पोवळे म्हटले म्हणजे दगडासारखे कठीण झाड डोळ्यांपुढे येते. वाचकांस नवल वाटेल, परंतु आमच्या अलिबागच्या घरी काचेच्या हौदात जे प्राणी नांदत आहेत, ते पोवळ्यांचे आप्त असूनही त्यांच्या अंगी चुन्याचा सांगाडा मुळीच नाही. मऊ, तांबूस-निळी, तळहाताएवढी चकती व तिच्याखाली आखूड देठ. पावसाळ्यात रानात उगवणाऱ्या अळंब्यांची आठवण व्हावी, असे त्यांचे रूप. शास्त्रज्ञ एका जातीस डिस्कोसोमा व दुसरीस ऱ्होडॅक्टिस म्हणतात; आमच्या आजीस मात्र ती सारी अळंबीच. दगडी पोवळ्यांस आपल्या देशात २००१ सालापासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, व ते योग्यच आहे. ही अळंबी त्या वर्गातील नव्हेत. शिवाय आमची तर पुण्याच्या एका स्नेह्याच्या हौदातच वाढलेली.

त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवल राहते व प्रकाशाच्या योगे अन्न तयार करून यजमानास देते. तथापि प्रखर दिवा त्यांस सोसत नाही. रंग उडतो, अंग आक्रसते. पाणी सुमारे २५ अंश उष्ण, लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार आणि प्रवाह मंद, एवढे सांभाळले की पुढे त्यांस न छेडणे हेच त्यांचे पालन. माझ्या धाकट्या भावास हे मुळीच साधत नाही!

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. आमच्या वाडीतील वीज गेली ती पाच दिवस आली नाही. पाणी खेळविणारे यंत्र थांबले म्हणजे हौदातील प्राणवायू घटू लागतो. बाबा म्हणाले, "पाळ्या लावू." मग तांब्याने पाणी काढावे व हातभर उंचीवरून पुन्हा आत सोडावे, असे आम्ही चौघे दर अर्ध्या तासाने, रात्रीसुद्धा, करीत होतो. अंगणात नारळ आडवे पडलेले, छपराची कौले उडालेली, आणि मेणबत्तीपाशी आजी तांबे मोजीत बसलेली. तिसऱ्या रात्री आमच्या दोन माशांपैकी एक गेला. अळंबी मात्र सुपारीएवढी होऊन दगडास चिकटून राहिली व वीज आल्यावर हळूहळू उलगडली.

त्या वेळी या चिवटपणाचे मला कौतुकच वाटले. पुढे वाचनात आले की, प्रशांत महासागरातील पामायरा बेटापाशी १९९१ साली मासेमारीचे एक जहाज बुडाले, आणि त्याच्या आसपास ऱ्होडॅक्टिस कुळातील अळंबी इतकी माजली की, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे, सुमारे एक चौरस किलोमीटर प्रदेशात त्यांचाच अंमल झाला. गंजत्या लोखंडाने त्यांस बळ मिळाले असावे, असा संशोधकांचा तर्क. म्हणून २०१३-१४ मध्ये जहाजाचा सांगाडा तेथून काढण्यात आला. देठाचा तुकडा मागे राहिला तरी त्यातून नवा प्राणी होतो, हे आम्ही घरीच पाहिले होते.

तेव्हापासून अळंब्यांचा दगड सभोवार वाळू राखून निराळा ठेवला आहे. पिले वाढली की आम्ही ती हा छंद असणाऱ्यांस देतो. परंतु समुद्र चार पावलांवर असूनही एकही पिलू, मेलेलेसुद्धा, तिकडे टाकीत नाही. हौदाचे जुने पाणीदेखील बाबा मोरीतच ओततात. समुद्राचे पाणी समुद्रास का देत नाही, म्हणून आजी रागावते, आणि दर रविवारी हा वाद नव्याने होतो.