अंगणातले गॅरेज आणि काकींची विहीर

चवथीला आठ दिवस राहिले होते. घरात रंगकाम चालू होते, माटोळीला काय काय मिळाले नि काय राहिले याचा हिशेब चालू होता. तेवढ्यात शेजारच्या काकी हातात तांब्या घेऊन सोप्यावर येऊन बसल्या. "बांयचें उदक पळय रे बाबा," एवढेच म्हणाल्या. तांब्यातल्या पाण्यावर मोरपिशी रंगाचा पातळ तवंग होता. नाकाशी नेला तर तेलाचा वास.

तेल कुठून आले हे काकींना ठाऊक होते, मलाही. त्यांच्या विहिरीपासून वीसेक पावलांवर, चढाच्या बाजूला, एका मुलाचे अंगण आहे. त्याचे वडील मोटारसायकल पायलट होते. मुलगा आयटीआय शिकला, वडिलांची गाडी दुरुस्त करता करता वाड्यावरच्या साऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करू लागला. आंब्याखाली एक पत्रा घातला आणि झाले गॅरेज. पाटी नाही, परवाना नाही. दहा वर्षे झाली. माझी स्कूटर तिथेच जाते. महिनाअखेर असली तर "दादा, मागीर दी" म्हणून पैसेही थांबवतो.

"तू कचेरीत असतोस. अर्ज तूच लिही. गॅरेज बंद कर म्हणून लिही," काकी म्हणाल्या.

मी कारकून माणूस. अर्ज वाचण्यात नि लिहिण्यात निम्मे आयुष्य गेले. पण त्या रात्री कागद पुढे घेऊन बसलो आणि 'विषय' या शब्दापुढे पेन थांबले. अर्जाचा निकाल पुष्कळदा त्या एका ओळीत लागतो. 'बेकायदेशीर गॅरेज बंद करण्याबाबत' असे लिहिले की पुढची फाइल त्याच वाटेने जाते. म्हणून आधी कायदा काय म्हणतो ते नीट वाचायचे ठरवले.

आपल्या अंगणात आपल्या गाडीचा प्लग साफ करायला, टायर बदलायला कोणी मनाई केलेली नाही. अडचण सुरू होते ती दुसऱ्याची गाडी पैसे घेऊन दुरुस्त करू लागलो की. मग तो धंदा होतो, घर राहण्यासाठी नोंदलेले असते, आणि पंचायतीची परवानगी लागते. गाड्या धुण्याचे नि रंगवण्याचे काम असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडेही जावे लागते. दुरुस्तीला आलेल्या गाड्या रस्त्यावर अडचण होईल अशा ठेवल्या तर मोटार वाहन कायदा आड येतो.

दुसरी मर्यादा आवाजाची. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. सायलेन्सर काढून इंजिन रेझ केले की हा आकडा केव्हाच मागे पडतो.

तिसरी मर्यादा तेलाची, आणि तीच सर्वांत कडक. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचे २४ वे कलम विहिरीत दूषित करणारा पदार्थ जाऊ देण्यास मनाई करते, आणि त्या कायद्यात जमिनीखालचे पाणीही धरलेले आहे. इंजिनातून काढलेले काळे तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे. जुन्या बॅटऱ्यांसाठी २०२२ चे वेगळे नियम आहेत. एका स्कूटरचे तेल जेमतेम पाऊण लिटर. दिवसाला चार गाड्या धरा, म्हणजे तीन लिटर. दहा वर्षांचा गुणाकार मी केला नाही. धीर झाला नाही. त्यात माझ्या स्कूटरचेही तेल होतेच.

शेवटी सार्वजनिक उपद्रवाचे कलम काढले. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे १३३, आता १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचे १५२. लोकांच्या आरोग्याला वा सुखसोयीला बाधक अशा धंद्याबद्दल कार्यकारी दंडाधिकारी आदेश देऊ शकतात. तिथे मला तीन शब्द दिसले: धंदा बंद करा, हलवा, किंवा सांगू त्या पद्धतीने त्याचे नियमन करा. आपल्याला नेहमी पहिलाच शब्द आठवतो. तिसरा शब्द कायद्याने मुद्दाम ठेवला आहे, तो कोणी मागतच नाही.

सकाळी आधी त्या मुलाकडे गेलो. तांब्या दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग आंब्यामागचा खड्डा दाखवून म्हणाला, "दादा, तेल जमनींत जिरता म्हणून बरें दिसतालें. खंय वता तें कोणेंच सांगूंक ना." मी दहा वर्षे त्याच्याकडे जात होतो. मीही विचारले नव्हते.

अर्ज मी लिहिला. विषय: 'अंगणातील वाहनदुरुस्तीमुळे विहिरीचे पाणी दूषित होण्याबाबत'. मागण्या चार: खड्डा बुजवावा, सिमेंटची फरशी नि तेलासाठी पिंप असावे, काम सायंकाळी सातला थांबावे, रीतसर परवानगी घेईपर्यंत नव्या गाड्या रस्त्यावर उभ्या करू नयेत. काकींनी दोनदा वाचला. "बंद करूंक बरोवंक ना?" त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो. "तुजीय स्कूटर थंयच वता न्हय," त्या म्हणाल्या. मला उत्तर देता आले नाही, कारण ते खरे होते. तरीही त्यांनी सही केली. त्याखाली मीही केली.

पंचायतीची माणसे पाहणीला येऊन गेली. खड्ड्यातली काळी माती उकरून काढली, फरशी झाली, पिंप आले. मुलाने परवान्यासाठी कागद दिले आहेत. काकींची विहीर दोनदा उपसली. तवंग आता दिसत नाही.

पण यंदा चवथीला नैवेद्याचे पाणी काकींनी आमच्या विहिरीवरून नेले. मी कळशी भरून दिली. त्यांनी ती नेण्याआधी एकदा वाकून आत पाहिले, आणि मला त्यात काही वावगे वाटले नाही.