पाना हाती घ्यावा की मिस्त्रीला बोलवावे?

ट्रॅक्टर रानात बंद पडला की शेतकऱ्याच्या मनात दोन विचार येतात. ‘आपणच बघू, मिस्त्रीला कशाला पैसे द्यायचे?’ हा एक आणि ‘नको बाबा, आहे तेही बिघडायचे!’ हा दुसरा. वाचकहो, या दोन्ही विचारांपायी मी नुकसान सोसले आहे. तुमचे टळावे म्हणून सांगतो.

१९८५ सालच्या उन्हाळ्यात आमच्या घरी जुना ट्रॅक्टर आला. नांगरट चालू असताना एके दिवशी टाकीतले डिझेल संपले. डबा आणून टाकी भरली, पण इंजिन काही सुरू होईना. बॅटरी उतरेपर्यंत स्टार्टर मारला. शेवटी तालुक्याहून मिस्त्री आणला. त्याने डिझेल फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि फीड पंपाची छोटी दांडी हाताने हापसली. स्क्रूतून आधी फेस आला, मग बुडबुडे, मग निव्वळ डिझेल. ते वाहत असतानाच स्क्रू आवळला. ट्रॅक्टर उतारावर ढकलला आणि इंजिन सुरू झाले. टाकी कोरडी पडल्याने लाइनीत हवा धरली होती, एवढेच!

मजुरी दिली, गाडीभाडे दिले, जेवू घातले. वर कामाचा दीड दिवस गेला. अण्णा म्हणाले, “बघून ठेवलंस ना? पुढच्या वेळी तू कर.”

मी केले आणि जमले. मग इंजिन ऑइल बदलणे, पट्टा ताणणे हेही जमू लागले. पण हात बसला की डोके चढते, तसे माझे झाले.

१९८६ च्या ऑक्टोबरात हस्ताचा पाऊस चांगला झाला. रानाला वाफसा आला. चार एकरांत ज्वारी पेरायची होती आणि त्याआधी एक पाळी घालायची होती. नेमका ट्रॅक्टर दम धरेना. जरा ओझे पडले की भक्‌कन काळा धूर. मिस्त्रीचा निरोप आला, दोन दिवस जमणार नाही. वाफसा थोडाच थांबणार? दोष डिझेल पंपाचाच, असे मी ठरवून टाकले आणि पाने काढून बसलो.

सौभाग्यवती चहा घेऊन आली. म्हणाली, “अहो, हे मिस्त्रीनं कधी तुमच्यादेखत उघडलंय का?” मी उत्तर दिले नाही. गोणपाट अंथरले आणि पंप खोलला.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री आला. गोणपाटावरचे भाग पाहून बसलासुद्धा नाही. आधी त्याने एअर क्लीनरचे भांडे काढले. आत तेलाचा चिखल झालेला आणि जाळी धुळीने बुजलेली. उन्हाळ्यापासून मी ते धुतलेच नव्हते! इंजिनाला हवा पुरत नसली की डिझेल पुरते जळत नाही आणि काळा धूर येतो. अर्ध्या तासाचे घरचे काम मी सोडले होते आणि चांगला पंप उघडला होता.

त्या पंपातले प्लंजर आणि बॅरल यांच्यामध्ये मिलिमीटरच्या दोन-चार हजारांश इतकीच फट असते. डोक्याचा केससुद्धा तिच्याहून कितीतरी जाड. तिथे गोणपाटाची धूळ गेलेली! पंप जिल्ह्याच्या गावी टेस्ट बेंचवर लावून घ्यावा लागला. आठ दिवस मोडले. शेजाऱ्याची बैलजोडी मागून दोन एकर कसेबसे पेरले. उरलेल्या दोन एकरांतली ओल खाली गेली, उगवण विरळ झाली. त्या वर्षी जनावरांसाठी कडबा विकत घेतला. अण्णा मला एक शब्दही बोलले नाहीत, ते जास्त लागले.

तेव्हापासून पाना उचलण्याआधी मी स्वतःला एकच विचारतो: ‘माझा हात चुकला तर काय बिघडेल?’ नुसता वेळ जाणार असेल, तर काम घरी करावे. ऑइलची पातळी रोज पाहणे, धुळीच्या दिवसांत एअर क्लीनर वरचेवर धुणे, इंजिन गार झाल्यावरच रेडिएटर उघडून पाणी पाहणे, बॅटरीची टोके घासणे, लाइनीतली हवा काढणे, ही कामे आपली. यांसाठी मिस्त्रीची वाट पाहणे म्हणजे पैसा आणि वेळ दोन्ही घालवणे.

पण चुकीने महागाचा भाग जाणार असेल किंवा जिवाला धोका असेल, तर मिस्त्रीच बरा. डिझेल पंप, इंजेक्टर, गिअर बॉक्स, हायड्रॉलिक, ब्रेक ही कामे त्याची. इंजेक्टरच्या फवाऱ्याला इतका दाब असतो की डिझेल कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली आणि दुखत नसली, तरी तडक दवाखाना गाठावा. आणि नुसत्या जॅकवर किंवा हायड्रॉलिकवर उचललेल्या अवजाराखाली कोणीही शिरू नये, मिस्त्रीनेसुद्धा.

१ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले. त्यामुळे अशा इंजिनांत डिझेलचा कारभार बहुधा इलेक्ट्रॉनिक असतो. तिथे हवा काढायची रीतही कंपनीच्या पुस्तकात पाहूनच वापरावी. वॉरंटी असेतो तर काही खोलूच नये.

मिस्त्री आला की मात्र बांधावर गप्पा मारत बसू नका. शेजारी उभे राहा, बॅटरी धरा, विचारा. काय केले ते तारीख आणि मीटरच्या तासांसह वहीत लिहा. आमच्याकडे ती वही आता सूनबाई ठेवते. मुलगा पाना घेऊन निघाला की ती वही उघडते आणि सासूचाच प्रश्न विचारते, “हे मिस्त्रीनं कधी तुमच्यादेखत उघडलंय का?”