तुला शिव्या घालणारे

मुंबई, ज्यांनी तुझ्यावर जीव ओवाळून टाकला त्यांनी तुझं कौतुक फारसं केलंच नाही. नामदेव ढसाळांनी कामाठीपुऱ्यातल्या वस्तीचं नावच उचललं आणि 1972 मध्ये ‘गोलपिठा’ आणला. पांढरपेशा वाचकाला त्यातले कित्येक शब्दही कळेनात. प्रस्तावना लिहायची म्हणून विजय तेंडुलकर आधी कवीबरोबर ती वस्ती हिंडून आले. भाऊ पाध्यांचा ‘वासूनाका’ वाचून तर आचार्य अत्रे खवळले. नाक्यावरची पोरं जशी बोलतात तशी पाध्यांनी ती लिहिली होती, एवढाच काय तो गुन्हा.

आणि गिरणगाव! एकेका खोलीत डझनावारी गडी, झोपायचं तेही पाळीपाळीने. रात्रपाळीवाला दारात आला की दिवसपाळीवाल्याने वळकटी गुंडाळायची. डोक्यात कापसाचं तूस, खानावळवालीच्या वहीत महिन्याचं खातं. असल्या गर्दीत कुणी लिहील असं वाटलं असतं का? रस्त्यावर टाकलेलं एक तान्हं पोर गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने उचलून घरी नेलं. ते पोर पुढे शाळेत शिपाई झालं, मास्तर झालं आणि 1966 मध्ये ‘माझे विद्यापीठ’ हा कवितासंग्रह घेऊन उभं राहिलं. वाटेगावहून चालत आलेले अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत बसून कादंबऱ्या लिहीत होते. एकांत हा शब्दच तुझ्या कोशात नव्हता. शेजारचं भांडण, नळावरची बाचाबाची, मोर्चाची घोषणा, सगळं थेट कागदावर उतरायचं.

मग 18 जानेवारी 1982. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. तो संप मागे घेतल्याचं रीतसर कुणी जाहीरच केलं नाही. भोंगे तेवढे एकामागून एक बंद पडले. त्या पडझडीत एका घराचं काय झालं ते जयंत पवारांनी ‘अधांतर’ या नाटकात मांडलं. पुढे लोअर परळच्या फिनिक्स मिलचा मॉल झाला आणि पवारांच्या कथासंग्रहाचं नाव आलं ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’. इतकं कडवट नाव तुझ्याच पोराला सुचावं.

2021 मध्ये पवारही गेले. गिरण्यांच्या जागी टॉवर आहेत. तिसाव्या मजल्यावर टेबल आहे, एकांत आहे, खिडकीतून समुद्रसुद्धा दिसतो. तिथून तुला कुणी मनापासून शिवी घातलेली अजून माझ्या वाचनात नाही.