एका बेटावरील दोन बिऱ्हाडे

रात्रीची जेवणे आटोपली म्हणजे माजघरात अर्धा तास काही वाचावे, असा आमच्या घरी वडिलांच्या वेळेपासूनचा प्रघात आहे. चातुर्मासात पोथी असते. एरवी निवड माझ्याकडे. गेल्या हिवाळ्यात मी मुलांस ऑकलंड बेटांवर फुटलेल्या दोन जहाजांची हकीकत सांगावयास घेतली. माझ्या बाजूच्या वाचनात ती आली होती आणि मास्तरकीच्या जुन्या सवयीने तिच्यातून मुलांस चांगले वळण लावता येईल असे मला वाटले होते.

ही बेटे न्यूझीलंडच्या दक्षिणेस सुमारे ४६५ किलोमीटर अंतरावर आहेत. तेथे मनुष्यवस्ती नाही. इंग्रजांनी १८४९ साली तेथे एक वसाहत थाटून पाहिली, पण अवघ्या तीन वर्षांत ती मोडली. बारा महिने पश्चिमेचा बोचरा वारा, पाऊस, आणि पश्चिम किनाऱ्यास उंच सरळ कडे. मेलबर्नहून दक्षिण अमेरिकेकडे जाणारी शिडाची जहाजे अनुकूल वारा साधण्यासाठी नेमकी याच बाजूने जात.

ॲबर्डीनचे ‘इन्व्हरकॉल्ड’ हे ८८८ टनांचे मालवाहू जहाज मे १८६४ मध्ये मेलबर्नहून पेरू देशातील कायाओ बंदराकडे निघाले होते. पोटात माल नव्हता. जहाज तोलून राहावे म्हणून भरलेले नीरम तेवढे होते. निघाल्यावर थोड्याच दिवसांनी एका काळोख्या रात्री ते मुख्य बेटाच्या कड्यांवर आदळले आणि पाहता पाहता त्याचे तुकडे झाले. जहाजावर पंचवीस माणसे होती. सहा बुडाली, एकोणीस किनाऱ्यास लागली. वर्षभराने ‘ज्युलियन’ नावाचे जहाज तेथे आले, तेव्हा त्या एकोणिसांपैकी तिघेच जिवंत होते : कप्तान डॅलगार्नो, त्याचा दुय्यम स्मिथ आणि होल्डिंग नावाचा एक खलाशी.

आता नवल असे की, त्याच बेटाच्या दक्षिण टोकास ‘ग्राफ्टन’ नावाच्या लहान गलबतावरील पाच माणसे ३ जानेवारी १८६४ पासून राहत होती. एका टोकास माणसे भुकेने मरत होती आणि दुसऱ्या टोकास धुराडे असलेले घर उभे होते. पण एकास दुसऱ्याची वार्ता नव्हती. हे पाचही जण जिवंत परतले.

“पाहिलेत, शिस्तीचे फळ!” असे मी म्हणतो न म्हणतो तोच धाकट्या सूनबाई हातातील निवडण्याचे ताट खाली ठेवून म्हणाल्या, “पण मामंजी, त्या पाचांपाशी गलबत तरी होते ना?”

बोलणे खरे होते. ग्राफ्टन आडोशाच्या खाडीत फुटले, आणि तेही तिकडच्या उन्हाळ्यात. त्याचा सांगाडा जवळच पडून असल्यामुळे फळ्या, शिडे, हत्यारे, बंदूक, सर्व हाती आले. इन्व्हरकॉल्डची माणसे थंडीच्या तोंडावर, भिजलेल्या अंगाने, रिकाम्या हातांनी कड्याखाली पडली. दोघांस एका मापाने मोजणे हा अन्याय होय. मी तसे सर्वांसमक्ष कबूल केले.

तरीही एक गोष्ट उरतेच. होल्डिंगने वृद्धपणी आपल्या आठवणी लिहून ठेविल्या. त्यांवरून दिसते की, जहाज गेले तरी जहाजावरील हुद्दे गेले नव्हते. वरिष्ठांनी हुकूम करावा आणि पाणी खलाशाने आणावे. माणसे पांगत गेली. चालवेनासे झालेले मागे राहिले. उलट ग्राफ्टनवरील फ्रेंच गृहस्थ रेनाल याने आरंभीच सुचविले की, येथे आता कोणी कप्तान नाही. आपणांस हवा आहे तो धनी नव्हे, कुटुंबप्रमुख. त्याने सौम्यपणे पण ठामपणे घरात सलोखा राखावा, तंटे तोडावे, रोजची कामे वाटून द्यावी. मात्र गंभीर प्रसंगी बहुमताखेरीज निर्णय घेऊ नये, आणि अधिकाराचा दुरुपयोग केल्यास इतरांनी त्यास दूर करावे. हे नियम बायबलाच्या कोऱ्या पानावर लिहून दर रविवारी वाचीत असत. पाचांनी एकमताने कप्तान मसग्रेव्ह यासच निवडले. त्यास स्वयंपाकाची पाळी माफ केली. (येथे आमच्या घरातील बायका हसल्या.)

रात्री शाळा भरे. दोघांस अक्षरओळख नव्हती, त्यांस इतरांनी वाचावयास शिकविले. एकाने दुसऱ्यास आपली भाषा शिकविली. म्हणजे तोच गुरू आणि तोच शिष्य. माझी चौतीस वर्षे फळ्यापुढे गेली, पण अशी शाळा मी पाहिली नाही. रेनालने शिंपल्यांचा चुना केला, राखेचा साबण केला, सीलच्या कातड्याचा भाता करून लोहारकामही मांडले. पत्तेही केले होते. पण हरला की मसग्रेव्ह चिडे. एकदा त्यावरून कडाक्याचे भांडण झाले, तेव्हा रेनालने ते पत्ते विस्तवात टाकिले.

वाचता वाचता त्या ‘दूर करावे’ शब्दांपाशी माझा आवाज किंचित अडखळला. पाणिनीने कर्त्याचे लक्षण स्वातंत्र्य हे सांगितले आहे. व्याकरणात ते शोभते. वडील वारल्यावर मी घराचा कर्ता झालो तो त्याच समजुतीने. पुढे गावाकडील एक जमिनीचा तुकडा मी विकून टाकिला. हिशेब पैपैचा चोख होता, परंतु धाकट्या भावास, बापूस, विचारले नव्हते. तो बोलला काहीच नाही. येत्या पाडव्यास त्याची चूल निराळी झाली. मधल्या भिंतीस एक दार आहे; एकोणीस वर्षांत ते गणपतीखेरीज उघडलेले मला आठवत नाही. त्याचा नातू मात्र अंगणातून वळसा घालून रोज वाचनास येतो. त्या रात्रीही तो पुढेच बसला होता.

जुलै १८६५ मध्ये मसग्रेव्ह, रेनाल आणि तिसरा एक जण वाढविलेल्या होडीतून निघाले आणि पाच दिवस भर समुद्रात काढून न्यूझीलंडच्या स्टुअर्ट बेटास पोहोचले. होडीत पाचांस जागा नव्हती. मागे राहिलेल्या दोघांस आणण्यासाठी मसग्रेव्ह ‘फ्लाइंग स्कड’ नावाच्या गलबतातून स्वतः परत गेला. मधे महिना-सव्वा महिनाच लोटला असेल. पण तेवढ्या काळात त्या दोघांत बेबनाव होऊन ते वेगळे राहण्याच्या बेतास आले होते. एवढ्या ओसाड बेटावर माणसे दोन, आणि त्यांत दोन बिऱ्हाडे!

परतण्यापूर्वी आणखी कोणी सापडते काय हे पाहण्यासाठी त्यांनी बेटाचे उत्तर टोक धुंडाळिले. तेथे जुन्या वसाहतीच्या एका पडक्या खोपटात एक मृतदेह आढळला. जवळ पाटी होती. तिच्यावर काही लिहिलेले होते, परंतु ते लागेना. तो इन्व्हरकॉल्डवरील, पाय जायबंदी होऊन मागे राहिलेला माणूस, असे मागाहून मानले गेले. मी पुस्तक मिटले.

दुसऱ्या रात्री वाचनाच्या वेळी मधले दार वाजले. बापू उंबरठ्यापाशी उभा होता. आत आला नाही.

“दादा,” तो म्हणाला, “पोर सांगत होते की पाटीवरचे अक्षर लागले नाही. कोणासच नाही?”

“नाही,” मी म्हणालो.

तो काही वेळ तसाच उभा राहिला. सूनबाईंनी पाट मांडला. बापू बसल्यावर मी कालचे पान पुन्हा काढले, आणि त्याने ते ऐकले नव्हते म्हणून इन्व्हरकॉल्ड मेलबर्नहून निघाले तेथपासून वाचावयास आरंभ केला.